सूत्रधार आणि त्याचे श्रोते

सन २०१६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात कायमच्या जतनासाठी निवडलेल्या पंचवीस ध्वनिमुद्रणांची यादी प्रसिद्ध केली. तीत एक नाव असे होते की, ते वाचून त्या देशातील कित्येक सभ्य गृहस्थांच्या भुवया उंचावल्या असतील. ते नाव म्हणजे ‘मेटालिका’ या चौघा वादकांच्या संघाची १९८६ साली निघालेली ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ही ध्वनिमुद्रिका. हेवी मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतापैकी या संग्रहात प्रवेश मिळालेली ही पहिलीच कृती होय.

ज्या मासिकाच्या पानांतून देवस्थानांचे इतिहास, कीर्तनपरंपरा आणि दशावतारी खेळ यांची चर्चा चालते, तेथे या कर्णकर्कश संगीताचे प्रयोजन काय, असे आमचे वडीलधारे वाचक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. तथापि कोणतेही संगीत टिकते कसे, आणि ते टिकवतो कोण, हा प्रश्न आपल्याही जिव्हाळ्याचा आहे. प्रस्तुत ध्वनिमुद्रिका राजाश्रयावर वाढली नाही. आकाशवाणीने तिला जवळ केले नाही. शिष्टांनी तर तिच्याकडे पाठच फिरवली होती. तिला अभिजाततेच्या आसनावर नेऊन बसवले ते तिच्या श्रोत्यांनी. ग्रंथालयाची मोहोर उमटली ती तीस वर्षांनंतर. या श्रोत्यांचा इतिहास आम्हाला त्या ध्वनिमुद्रिकेइतकाच मोलाचा वाटतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाविषयी थोडेसे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचा धनी. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवण्याचे कारण नाही. ‘सूत्रधार’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. आपला सूत्रधार मात्र मंगलाचरण करून नाटकाचा आरंभ करणारा सज्जन गृहस्थ. या ध्वनिमुद्रिकेतला सूत्रधार निराळा. मुखपृष्ठावर पांढऱ्या क्रुसांचे एक दफनस्थान रंगवले आहे. क्रुसाक्रुसाला दोऱ्या बांधलेल्या असून त्या वर तांबड्या आभाळातील दोन हातांत गेलेल्या आहेत. चित्रकार डॉन ब्रॉटिगम यांचे हे चित्र एकदा पाहिले की विसरत नाही. मेलेल्या माणसांच्याही दोऱ्या कोणाच्या तरी हातांत आहेत, ही त्यातली कल्पना.

आता थोडे मागे जाऊ. १९८१ साली लॉस एंजेलिस येथे जेम्स हेटफील्ड आणि लार्स उलरिख या दोन तरुणांनी वृत्तपत्रातील एका जाहिरातीच्या निमित्ताने हा संघ उभा केला. उलरिख मूळचा डेन्मार्कचा. टेनिसपटू टॉर्बेन उलरिख यांचा मुलगा. ड्रम वाजवण्यात तो अद्याप कच्चा होता, पण श्रोता म्हणून पक्का होता. त्याच वर्षी ‘डायमंड हेड’ नावाच्या एका ब्रिटिश वाद्यसंघाच्या नादाने तो इंग्लंडला गेला आणि त्यांच्या पाठोपाठ हिंडला. इंग्लंडातील त्या नव्या हेवी मेटलचा घाट आणि पंक नावाच्या उद्दाम संगीताचा वेग यांच्या संयोगातून जे जन्मास आले, त्याला पुढे ‘थ्रॅश’ हे नाव पडले. थ्रॅश म्हणजे झोडपणे. नाव ठेवणाऱ्याने काही लपवून ठेवले नाही!

या नव्या संगीताला प्रारंभी कंपनीही नव्हती. होती ती कॅसेट. १९८२ साली मेटालिकाने सात गीतांची एक नमुन्याची ध्वनिफीत तयार केली, आणि ती टपालाने गावोगाव पसरली. या देवघेवीची रीत मोठी मनोवेधक होती. अमेरिकेत आणि युरोपात विखुरलेले काही शेकडो नादिष्ट तरुण आपापल्या जवळच्या ध्वनिफितींच्या याद्या तयार करून परस्परांना धाडीत. ज्याला जे हवे त्याची नक्कल उतरवून दुसरा पाठवी, आणि मोबदल्यात पैसे न घेता आपल्याजवळ नसलेली एखादी ध्वनिफीत मागे. मुखपृष्ठावरील नावे हाताने लिहिलेली. नकलेची नक्कल होता होता खरखर वाढत जाई. पाचव्या-सहाव्या हाती पोहोचलेल्या फितीत तर ड्रम कोठे संपतो आणि खरखर कोठे सुरू होते हे सांगणे कठीण. तरीही ती मिळाल्याचा आनंद काही और असे, असे त्या पिढीचे लोक आजही सांगतात.

न्यू जर्सी प्रांतात जुन्या बाजाराच्या आवारात ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या जॉन झाझुला नावाच्या दुकानदाराच्या कानी अशीच एक ध्वनिफीत पडली. त्याने व त्याच्या पत्नीने, मार्शाने, या मुलांना खंडाच्या दुसऱ्या टोकाहून बोलावून घेतले, आणि कोणी मोठी कंपनी हात लावीना तेव्हा स्वतःच ‘मेगाफोर्स’ नावाची कंपनी काढली. १९८३ ची पहिली ध्वनिमुद्रिका तिनेच काढली. ज्या धंद्यात दुकानदार आधी श्रोता असतो, त्या धंद्याला बरकत येते असे आमचे मत आहे; इतर धंद्यांविषयी आम्ही बोलत नाही.

दरम्यान संघात दोन मोलाची माणसे आली. बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातला. तो आपला गाव सोडून येईना, म्हणून बाकीच्यांनीच लॉस एंजेलिस सोडून तिकडे बिऱ्हाड हलवले! एका वादकासाठी साऱ्या संघाने गाव बदलावे, यावरून त्या वादकाचे वजन कळून येते. गिटारवादक कर्क हॅमेट ‘एक्झोडस’ या त्याच परिसरातल्या संघातून १९८३ मध्ये आला. जो सॅट्रियानी यांच्यापाशी त्याचे शिक्षण चालू होते. बर्टनला बाख या जर्मन संगीतकाराची ओढ होती, आणि संघातील इतरांना स्वरांची मांडणी व स्वरसंवाद यांची जाण त्याच्यापासून आली, ही गोष्ट त्याच्या सोबत्यांनी वारंवार कबूल केली आहे.

प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेचे काम सप्टेंबर ते डिसेंबर १९८५ या काळात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील ‘स्वीट सायलेन्स’ या स्टुडिओत, फ्लेमिंग रासमुसेन यांच्या देखरेखीखाली झाले. गोड निःशब्दता! या नावाच्या वास्तूत हा गदारोळ व्हावा हा योगायोगच म्हणायचा. त्याच सप्टेंबरच्या १९ तारखेस तिकडे वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीपुढे, तरुणांचे संगीत बिघडत चालले आहे या तक्रारीची जाहीर सुनावणी झाली. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी हे आंदोलन चालवले होते, आणि त्याच्या परिणामी ध्वनिमुद्रिकांवर सावधानतेच्या चिठ्ठ्या चिकटवण्याची प्रथा पडली. त्या मातांची काळजी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या संगीताबद्दल ओरड चालली होती, त्याच्या एका श्रेष्ठ कृतीत त्याच वेळी काय सांगितले जात होते, हे पाहिले म्हणजे गंमत वाटते.

एकंदर आठ रचना. सुमारे पंचावन्न मिनिटांचा कालावधी. त्यांचा मुख्य विषय एकच, आणि तो म्हणजे पारतंत्र्य. शीर्षकगीतात अमली पदार्थ हाच सूत्रधार होऊन बोलतो. व्यसनी माणसाला तो आपला गुलाम म्हणून हाका मारतो. ‘डिस्पोजेबल हीरोज’ मध्ये वापरून फेकून देण्याजोगा सैनिक आहे. त्याचे सूत्र सेनापतीच्या हाती. ‘वेलकम होम’ या गीतात वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला माणूस. ‘लेपर मसाया’ हे तर आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे असे गीत: दूरचित्रवाणीवरून देवाच्या नावाने पैसे उकळणाऱ्या धर्मोपदेशकांवर त्यात कोरडे ओढले आहेत. ध्वनिमुद्रिका निघाल्यानंतर सुमारे एका वर्षाने, मार्च १९८७ मध्ये, त्या वर्गातील एक प्रमुख प्रस्थ जिम बेकर यांना पायउतार व्हावे लागले, आणि १९८९ मध्ये भाविकांच्या फसवणुकीबद्दल ते दोषी ठरले. गीते लिहिणारा हेटफील्ड हा औषधोपचार वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातील घरात वाढला होता. त्याची आई कर्करोगाने गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. श्रद्धेच्या नावाने काय काय घडू शकते, याचे ज्ञान त्याला पुस्तकातून घ्यावे लागले नव्हते. ज्यांनी हे संगीत देवद्रोही म्हणून टाकले, त्यांनी हे गीत ऐकले नसावे. देवाचा व्यापार मांडणाऱ्यावर रागावणे हा देवद्रोह असेल, तर आपल्या संतमंडळींपैकी कितीजण त्यातून सुटतील?

आता चाहते या कृतीत नेमके काय ऐकतात, ते सांगितले पाहिजे. या संगीताला केवळ गोंगाट म्हणणाऱ्यांना त्याची रचना दिसत नाही. पहिल्या गीताचा आरंभ विजेविना वाजणाऱ्या गिटारींनी, अगदी हळुवार होतो. मग एकाएकी बांध फुटतो. अखेरच्या गीताच्या आरंभी बर्टनची बेस गिटार ऑर्गनसारखी दाटून येते. बाखच्या एका प्रार्थनागीताची छाया तीवर आहे. साडेआठ मिनिटांच्या शीर्षकगीतात मध्यभागी सारा वेग ओसरतो आणि एक शांत, करुण स्वरावली सुरू होते. जाहीर मैफलींत हजारो श्रोते शब्दांवाचून ती स्वरावली गातात. त्या शांत भागानंतरची पहिली संथ गत हेटफील्डची आणि पुढली वेगवान गत हॅमेटची, हे जाणत्या चाहत्याला सांगावे लागत नाही. तालाच्या जाणकारांसाठी आणखी एक गोष्ट. त्याच गीताच्या कडव्यांखाली गिटारीचा जो तुकडा पुनःपुन्हा येतो, त्यात चार-चार मात्रांची तीन आवर्तने पुरी झाली की चौथे आवर्तन अर्ध्यावर तोडलेले असते. ऐकणाऱ्याचा पाय अधांतरी राहतो. या तुटक्या आवर्तनाची मात्रा नेमकी किती धरावी, यावर चाहत्यांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. कोणी पाच अष्टमांश म्हणतो, कोणी त्याहून थोडे अधिक. वादकांनी ते हिशेबाने तोडले की हाताच्या ओघात तुटले, हाही वादच. आम्हाला हा वाद फार आवडतो. सम कोठे पडते यावरून रात्र जागवणारे लोक आपल्याकडेही काही थोडे नाहीत.

आणि मग ‘ओरायन’. आकाशातील मृग नक्षत्राचे हे नाव. आठ मिनिटांहून मोठी, शब्दरहित, केवळ वाद्यांची रचना. तिच्या मध्यावर बर्टनची बेस गिटार एकटी पुढे होते, आणि तिच्या आधाराने मेघ चढत जावेत तसे इतर स्वर चढत जातात. त्यातील बेसचे काही तुकडे इतके तार आणि गाते आहेत की, ऐकणाऱ्यास ती साधी गिटारच वाटावी. साऱ्या ध्वनिमुद्रिकेत सर्वश्रेष्ठ काय, असे जुन्या चाहत्यांस विचारल्यास त्यांच्यातले पुष्कळ क्षणभर थांबतात आणि हेच नाव घेतात. आमचाही कौल तिकडेच आहे.

३ मार्च १९८६ रोजी ‘इलेक्ट्रा’ कंपनीने ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. त्या काळी दूरचित्रवाणीवर चित्रफीत झळकल्यावाचून यश नाही अशी समजूत होती. या संघाने चित्रफीत केलीच नाही. रेडिओनेही त्यांची गीते जवळजवळ वाजवली नाहीत. मार्च ते ऑगस्ट ऑझी ऑस्बॉर्न यांच्या दौऱ्यात आरंभीचा संघ म्हणून ते गावोगाव वाजवत गेले, आणि ऐकलेल्याने न ऐकलेल्यास सांगितले. अमेरिकेच्या विक्रीच्या तक्त्यात ध्वनिमुद्रिका एकोणतिसाव्या क्रमांकापर्यंत चढली आणि बहात्तर आठवडे तक्त्यात राहिली. नोव्हेंबर १९८६ पर्यंत तिला पाच लाख प्रतींचे सुवर्णप्रमाणपत्र मिळाले. २००३ साली हा आकडा साठ लाखांवर गेला.

परंतु ते सुवर्णप्रमाणपत्र पाहण्यास बर्टन राहिला नव्हता. २६ सप्टेंबर १९८६ रोजी स्टॉकहोममध्ये वाजवून मंडळी बसने निघाली. पहाटे, स्वीडनच्या दक्षिण भागात ल्युंगबी गावाजवळ बस घसरून उलटली. बर्टन खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्या अंगावर पडली. झोपण्याच्या जागेसाठी त्या रात्री पत्ते काढले होते व त्यात जिंकून त्याने हॅमेटची जागा घेतली होती, असे हॅमेट सांगतात. वय अवघे चोवीस. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ‘ओरायन’ वाजवण्यात आले.

पुढे वीस वर्षे संघाने ही रचना मैफलीत कधी संपूर्ण वाजवली नाही. क्वचित तिचा एखादा तुकडा दुसऱ्या कशात गुंफून येई, इतकेच. श्रोत्यांनी मात्र ती आपल्यापाशी जपली. घरोघरी बेस शिकणाऱ्या मुलांनी ती बोटांत बसवली. अखेर ३ जून २००६ रोजी जर्मनीतील एका उत्सवात, ध्वनिमुद्रिकेच्या विसाव्या वर्षी, संघाने आठही रचना क्रमाने वाजवल्या आणि त्यात ‘ओरायन’ प्रथमच आरंभापासून शेवटपर्यंत वाजली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये अपघाताच्या जागेजवळ स्मारकशिला उभी राहिली. दूरदूरचे लोक तेथे जाऊन काही काळ उभे राहतात. त्याच्या जन्मभूमीत, कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात, चाहत्यांच्या अर्जावरून १० फेब्रुवारी २०१८ हा त्याचा जन्मदिवस ‘क्लिफ बर्टन दिन’ म्हणून घोषित झाला. वडील रे बर्टन मुलाच्या मागे तेहतीस वर्षे जगले. मैफलींना येणाऱ्या चाहत्यांत ते घरच्या वडीलधाऱ्याप्रमाणे वावरत. मुलाच्या वाट्याचे मानधन ते त्याच्या जुन्या शाळेतील संगीताच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती म्हणून देत असत, ही गोष्ट २०१७ मध्ये उघड झाली. २०२० च्या जानेवारीत तेही गेले.

येथवर सारे गोड वाटते. परंतु चाहत्यांचा इतिहास हा भांडणांचाही इतिहास असतो. १९९१ च्या ध्वनिमुद्रिकेत संघाने वेग कमी केला, रचना आखूड केल्या, आणि अमाप लोकप्रियता मिळवली. तेव्हा जुन्या चाहत्यांनी ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हाच अखेरचा खरा मापदंड म्हणून कवटाळला. एप्रिल २००० मध्ये तर कडेलोट झाला. संगणकजालावरून गीतांच्या नकला फुकट वाटून घेण्याची सोय करणाऱ्या ‘नॅप्स्टर’ कंपनीवर मेटालिकाने फिर्याद लावली, आणि मे महिन्यात आपल्या गीतांची देवघेव करणाऱ्या ३,३५,४३५ जणांची नावनिशी कंपनीच्या हवाली केली. हे सारे जण त्यांचेच श्रोते! ज्या संघाला टपालातल्या चोरट्या नकलांनी मोठे केले, त्यानेच नकला करणाऱ्यांची यादी द्यावी, याचा संताप चाहत्यांना आला यात नवल नाही. उलट बाजूने उलरिख यांचे म्हणणे असे की, आपल्या कृतीचे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार कर्त्याचा आहे. हातोहाती दिलेली खरखरीत फीत आणि लक्षावधींना क्षणात मिळणारी निर्दोष नक्कल या एक वस्तू नव्हेत. जुलै महिन्यात सिनेटच्या समितीपुढे त्यांनी हेच मांडले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या सिनेटने या संगीताच्या पिढीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, तेथेच आता तिचा एक प्रतिनिधी फिर्यादी म्हणून उभा राहिला. कायद्याने पाहता उलरिख यांची बाजू बळकट होती असे आम्हाला वाटते, आणि पुढे २००१ मध्ये तो तंटा तडजोडीने मिटला. परंतु श्रोत्यांचे ऋण कायद्याच्या कलमांत मोजता येत नाही. त्या यादीची सल पुष्कळांच्या मनातून आजही गेलेली नाही.

आपल्या देशाशी या कथेचा संबंध थोडका, तरी खरा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये हा संघ भारतात प्रथम आला. २८ तारखेचा गुरगावचा कार्यक्रम सुरक्षिततेच्या प्रश्नावरून होऊ शकला नाही आणि तेथे मोठी दांडगाई झाली. ३० तारखेला बंगळूरच्या पॅलेस मैदानावरील मैफल मात्र पार पडली. देशाच्या नाना भागांतून काळे सदरे घातलेली मुले तेथे लोटली होती. बेळगाव-धारवाडकडील आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरची मुलेही त्यांत असतील. त्यांनी घरी काय सांगून बंगळूर गाठले, ते विचारू नये हे बरे.

१ जुलै २०२२ रोजी १९८६ च्या मार्चातील काल्पनिक कथानक असलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या एका भागात एक पात्र राक्षसी वटवाघळांना आपल्याकडे ओढून घेण्यासाठी छपरावर उभे राहून हे शीर्षकगीत वाजवते. मार्चच्या ३ तारखेला निघालेली इतकी अवघड रचना त्या पोराने त्याच महिन्यात बसवली कशी, यावर चाहत्यांनी पुष्कळ विनोद केले. गीत प्रसिद्धीनंतर छत्तीस वर्षांनी प्रथमच अमेरिकेतील लोकप्रिय शंभर गीतांच्या तक्त्यात गेले. काही जुन्या मंडळींनी, मालिका पाहून आलेले हे कसले चाहते, म्हणून नाके मुरडली. संघाने नवागतांचे जाहीर स्वागत केले. आमची सहानुभूती नवागतांकडे आहे. १९८६ मध्ये तरी कोण आपल्या पुण्याईने ऐकायला गेला होता? प्रत्येकाच्या हातात ती फीत दुसऱ्या कोणीतरीच ठेवली होती. त्या दृश्यात ऐकू येणाऱ्या गिटारीचा काही भाग टाय त्रुहिलो या कोवळ्या वयाच्या वादकाने वाजवला होता. त्याचे वडील रॉबर्ट त्रुहिलो २००३ पासून मेटालिकात बर्टनच्या जागी बेस वाजवतात.